भाऊजींची अकरा वर्षं

माझे धाकटे दीर गेले, त्याला या महिन्यात वर्ष होईल. घरात मी त्यांना भाऊजी म्हणत असे. ऑफिसात मात्र सगळे ‘रंगारी’ म्हणत. त्यांनी आयुष्यात कधी हातात ब्रश धरला नव्हता. छत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या परागकणांकडे बघायचं आणि त्यांचा रंग कोणता ते सांगायचं.

यात सांगण्यासारखं काय असतं, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. मी शाळेत भूगोल शिकवायचे, तरी हे मला त्यांनीच समजावलं, तेही आमच्या स्वयंपाकघरात. पातेल्यात दोन चमचे साखर टाकून त्यांनी ते गॅसवर ठेवलं आणि म्हणाले, “बघत राहा, वहिनी.” साखर आधी पिवळसर झाली, मग मधासारखी, मग तपकिरी, आणि मी “अहो, भांडं” म्हणेपर्यंत काळीकुट्ट.

“झालं,” ते म्हणाले. “समुद्राच्या तळाशी गाळ साचतो, थरावर थर. त्यात शेवाळ असतं, मेलेले जीव असतात, वाऱ्याने आलेले परागकण असतात. थर जितका खाली जाईल तितकी उष्णता वाढते. बेताची ऊब लाखो वर्षं मिळाली, तर त्या शेवाळाचं खनिज तेल होतं. कमी पडली तर काहीच होत नाही. जास्त झाली तर तेल जातं आणि नुसता वायू उरतो. पुढे तो खडक वर उचलला जातो, थंडही होतो. पण परागकणाचा एकदा चढलेला रंग उतरत नाही.”

“म्हणजे कधी काळी किती तापलं होतं, ते तुम्ही आज सांगता?”

“हो. माणूस खडखडीत बरा झाल्यावर त्याला किती ताप होता ते सांगायचं. तसलं काम.”

माझी जाऊ भांडं घासायला घेत म्हणाली, “आणि मी तापाने फणफणले तरी यांना तिसऱ्या दिवशी कळतं.”

त्यांच्या कामात रंगांना आकडे होते, एक ते दहा. एक म्हणजे जवळपास पाण्यासारखा फिका, दहा म्हणजे काळा. चार ते सातमध्ये रंग असला की तेलाची आशा धरायची. आठ आला की तेलाचा काळ संपला, असं समजायचं. तेलासाठी विहीर खणताना वर येणारा दगडाचा चुरा धुऊन, आम्लात विरघळवून जे मागे उरे, ते काचेच्या पट्टीवर चिकटवून त्यांच्या टेबलावर येई. शेजारी एक पेटी असे. तिच्यात दहा मापाच्या काचा, प्रत्येक आकड्याला एक. आलेल्या नमुन्याशेजारी मापाची काच ठेवायची, दोन्हींकडे बघायचं आणि मग आकडा लिहायचा, असा नियम.

एकदा त्या पेटीतल्या दोन काचा तडकल्या. नवीन करून घ्यायला पेटी बाहेर पाठवली, ती महिनाभर परत आली नाही. त्या महिन्यात भाऊजींनी नुसत्या आठवणीवर रंग वाचले. पेटी आल्यावर सगळे आकडे ताडून बघितले, तर एकही चुकलेला नव्हता. ऑफिसात त्यांची वाहवा झाली. मोठे साहेब म्हणाले, “पेटी तुमच्या डोळ्यांतच आहे की.” तेव्हापासून पेटी कपाटात गेली ती गेलीच. भाऊजी तसे गर्विष्ठ नव्हते. पण हे सांगताना ते मान जराशी वर करत, एवढं मला आठवतं.

त्यांच्या हाताखाली पुढे एक मुलगी आली. जाड भिंगांचा चष्मा लावायची, म्हणून भाऊजींनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ‘चष्मेवाली’ ठेवलं. ती त्यांना काका म्हणायची. आमच्याकडे चहाला आली की दोघांचं तेच चालायचं. बशीतल्या चहाकडे बघून ती म्हणायची, “पाच.” भाऊजी म्हणायचे, “साडेपाच. दूध कमी पडलंय.” आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं वर काढून विचारायचे, “कुणी पिणार आहे का तो, की नुसतेच मार्क देणार?”

भाऊजींना मूलबाळ नव्हतं. त्या पोरीला शिकवताना त्यांच्या आवाजात जे यायचं ते मी शाळेत तीस वर्षं ऐकलेलं होतं, म्हणून ओळखायचे.

एका विहिरीच्या नमुन्यांवरून दोघांचं बिनसलं. प्रत्येक काच दोघांनी वेगवेगळी वाचायची पद्धत होती, आणि फरक आला तर ज्येष्ठाचा आकडा धरायचा. त्या विहिरीत चष्मेवालीने सहा लिहिले होते, भाऊजींनी आठ. म्हणजे ती म्हणत होती की तिथे तेल असू शकतं, आणि भाऊजी म्हणत होते की तिथलं सगळं कधीच करपून गेलं. ती ऐकेना. “काका, मापाची काच लावून बघू या का?” असं तिने भरल्या खोलीत विचारलं.

भाऊजी म्हणाले, “तुला चार डोळे आहेत तरी दिसत नाही, मला दोनांत दिसतं. पेटी काढायची असेल तर स्वतःसाठी काढ.”

खोली हसली. तीही हसली. अहवालात आठ गेला, आणि तो प्रदेश कामाच्या यादीतून काढून टाकण्यात आला. घरी येऊन त्यांनी आम्हाला हे गंमत म्हणून सांगितलं होतं. आम्हीही हसलो. पुढे दीड वर्षाने चष्मेवालीने स्वतःहून बदली मागितली आणि ती नमुन्यांच्या गोदामात गेली. आमच्याकडचं येणं थांबलं. “लग्नाचं बघत असतील,” जाऊ म्हणाली, आणि आम्ही तो विषय सोडून दिला.

या सगळ्या काळात भाऊजींच्या दोन तक्रारी सतत चालू असायच्या. ऑफिसातले दिवे वाईट, आणि घरातले कपडे नीट धुतले जात नाहीत. सूक्ष्मदर्शकाचा दिवा त्यांनी वर्षात तीनदा बदलून घेतला. कपड्यांवरून तर रोज झुंज. माझी जाऊ शर्ट त्यांच्या नाकासमोर धरून म्हणायची, “यापेक्षा पांढरा हवा असेल तर कागदाचा घाला.” साबण बदलून झाले, पाणी बदलून झालं. डोळे तपासावेत असं कुणालाच सुचलं नाही, कारण ज्याचे डोळे हीच त्याची पुण्याई, त्याच्या डोळ्यांवर कोण शंका घेणार?

निवृत्तीला सात महिने राहिले असताना एका पायरीवरून ते घसरले, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, आणि चांगला पिकलेला. आधी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली.

पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या गॅलरीत गेले, तर ते दोरीवरच्या कपड्यांसमोर उभे होते. कधी हा डोळा झाकत, कधी तो.

“वहिनी, हा शर्ट तुम्हाला पहिल्यापासून असाच दिसत होता?”

“असाच म्हणजे?”

“पांढरा.”

मी हसले. “आता तरी जाऊबाईंची माफी मागा.”

ते हसले नाहीत. त्यांनी उजवा डोळा झाकला, डाव्याने शर्टाकडे बघितलं. “हा तपकिरी दिसतो,” ते म्हणाले. “चहा सांडल्यासारखा. मला वाटत होतं, जगच तसं आहे.” मग खुर्चीवर बसले. मला तेव्हाही कळलं नव्हतं.

कळलं ते दहा दिवसांनी. रजा संपायच्या आधीच ते ऑफिसात जाऊन आले होते. कपाटातली पेटी काढली होती, त्या जुन्या विहिरीच्या काचा काढल्या होत्या. संध्याकाळी आमच्याकडे येऊन त्यांनी आमच्या ह्यांना सांगितलं, “दादा, ते सहाच होते.”

“कसले सहा?”

“पोरगी म्हणत होती ते. मी आठ म्हटलं होतं. माझ्या डोळ्यांतला मळ मी त्या दगडावर घातला.”

आमचे हे म्हणाले, “अरे, पण मग मापाची काचही मळकट दिसली असती ना?”

“तेच तर. दोन्ही सारख्याच मळकट दिसल्या असत्या. शेजारी ठेवली असती, तर मोतीबिंदू असूनही आकडा बरोबर आला असता.” एवढं बोलून त्यांनी कप खाली ठेवला. चहा तसाच होता.

त्या दिवसापासून त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या. आपण लिहिलेलं किती खोटं आहे, ते नक्की कळायला हवं, आणि ते कळायच्या आधी त्या पोरीला सांगायला हवं.

गोदामात जायला त्यांचा पाय निघेना. “तुम्ही चला बरोबर, वहिनी. तुम्ही असलात की मी नीट बोलेन.” गावाबाहेर पत्र्याची लांबच लांब शेड होती. आत छतापर्यंत मांडण्या, आणि मांडण्यांवर कापडी पिशव्या, प्रत्येकीला विहिरीचा क्रमांक आणि खोली लिहिलेली चिठ्ठी. सगळीकडे बारीक राखाडी धूळ. चष्मेवाली एका उंच स्टुलावर बसून फाटक्या पिशवीतला चुरा नव्या पिशवीत भरत होती. आम्हाला बघून ती उठली आणि ओढणीने दुसरं स्टूल पुसलं.

भाऊजी बसले नाहीत. त्यांनी सगळं एका दमात सांगितलं: डोळे, शर्ट, पेटी, सहा. शेवटी म्हणाले, “तुझी नजर बरोबर होती. मी चारचौघांत तुला बोललो. ते चारचौघांतच परत घेईन.”

ती बराच वेळ पिशवीचं तोंड बांधत राहिली. मग म्हणाली, “काका, ते बोलणं मी केव्हाच विसरले.”

“मग बदली का मागितलीस?”

“सांगितलं तर तुम्हाला त्रास होईल.”

“होऊ दे.”

“त्या दिवसानंतर मला वाटायला लागलं, माझेच डोळे कच्चे आहेत. मला सहा दिसायचे आणि मी आठ लिहायचे. तुम्ही काय लिहिणार याचा अंदाज घ्यायचा आणि तेच लिहायचं. दीड वर्ष तसं केलं. तुम्ही एकदा म्हणालातसुद्धा, आता तयार झालीस.” तिने चष्मा काढून पुसला. “मग ते सहन होईना.”

भाऊजी तिथेच मांडणीला हात टेकून उभे राहिले. मी म्हटलं, “भाऊजी, बसा.” तेव्हा बसले.

परत येताना वाटेत ते एवढंच म्हणाले, “मला वाटलं होतं, दोघांपैकी एकाचं तरी खरं राहिलं असेल.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी मोठ्या साहेबांना पत्र लिहायला घेतलं. साहेब भला माणूस होता. त्याने बोलावून सांगितलं, “सहा महिने राहिलेत, रंगारीबुवा. त्या एका विहिरीपुरती दुरुस्ती द्या आणि मानाने घरी जा. कधीपासून बिघडलं हे डॉक्टर तरी सांगू शकतात का?” डॉक्टर सांगू शकत नव्हते. मोतीबिंदू दिवस सांगून येत नाही. चार वर्षं असेल, पाच असेल, आणखीही असेल.

भाऊजींनी अकरा वर्षं लिहिली. ज्या दिवशी पेटी कपाटात गेली, त्या तारखेपासून लिहिलेला आपला एकही आकडा कुणी वापरू नये, असं त्यांनी सहीनिशी दिलं. पत्र पाठवण्याआधी चष्मेवालीला दाखवलं. ती आमच्या घरी आली होती, वर्षभराने पहिल्यांदा.

“अकरा कशाला, काका? पाच लिहा. आधीची चांगली असतील.”

“असतील. पण मी ती पारखून लिहिलेली नाहीत. ती बरोबर आली असतील तर माझ्या नशिबाने.”

“तुमचं सगळं पुसलं जाईल.”

“नियम मोडला त्या दिवसापासूनचं पुसलं जाईल. तेवढंच.”

जाऊ आतून बाहेर आली आणि तिला म्हणाली, “तू वाद घालू नकोस ग. यांनी शर्टाच्या बाबतीत तरी कुणाचं ऐकलं होतं?” तिला वातावरण हलकं करायचं होतं. कुणी हसलं नाही, तशी ती आत निघून गेली.

ऑफिसने पत्र मान्य केलं. सहाशे बारा काचांच्या नोंदींवर ‘विश्वासार्ह नाही, वापरू नये’ अशी चिठ्ठी लागली. निवृत्तीच्या दिवशी साहेब चार शब्द चांगले बोलले, पण ते सगळे भाऊजींच्या स्वभावाबद्दल होते. कामाबद्दल एकही नव्हता. मी पहिल्या रांगेत बसले होते. भाऊजी आपल्या दोन्ही हातांकडे बघत होते.

एक मात्र त्यांनी मिळवलं. चष्मेवालीला परत सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत घ्यावं आणि त्या सहाशे बारा काचा तिने पुन्हा वाचाव्यात. साहेबांनी परवानगी दिली, पण रोजचं काम सांभाळून, फक्त शनिवारी. भाऊजींनी तिला बजावलं, “पेटीशिवाय एकही वाचायची नाही. आणि सगळ्या होईपर्यंत माझे जुने आकडे उघडून बघायचे नाहीत. एकदा माझा आकडा बघितलास, की तुझी नजर परत माझ्या बाजूला झुकेल.”

“सगळ्या होईपर्यंत?”

“शेवटची होईपर्यंत.”

त्यांचे जुने आकडे एका पाकिटात बंद करून तिच्या खणात ठेवले गेले. मग दर शनिवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. भाऊजी विचारायचे, “किती झाल्या?” ती सांगायची, “आज सहा.” कधी पाच, कधी सात. ते कॅलेंडरवर लिहून ठेवायचे. याखेरीज दोघं त्या विषयावर काही बोलत नसत. डाव्या डोळ्याचीही शस्त्रक्रिया झाली होती, आता त्यांना लख्ख दिसायचं, पण ते फारसं कुठे बघत नसत. बाजारात भाजी घेताना मी रंग विचारला तर म्हणायचे, “तुम्हीच सांगा.” घरात आलेल्या माणसाने सहज म्हटलं, आज आभाळ काय निळं आहे, तर ते आत बायकोला विचारायचे, “आहे का ग?”

दोन वर्षं असं चाललं. एका दुपारी जेवून उठताना त्यांच्या छातीत कळ आली, आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. कॅलेंडरवर शेवटचा आकडा होता पाचशे एक्क्याऐंशी. एकतीस काचा राहिल्या होत्या.

त्या एकतीस तिने पुढच्या सहा शनिवारांत पुऱ्या केल्या. सातव्या आठवड्यात रविवारी सकाळी ती वह्या घेऊन आली. आम्ही तिघी जावेच्या खोलीत बसलो. आमचे हे दारात उभे राहिले.

“काकू, मी काल पाकीट उघडलं,” ती म्हणाली. “पहिली सात वर्षं काकांचे आणि माझे आकडे सारखे आहेत. कुठे एखाद्या अर्ध्याचा फरक, तेवढा कुणाच्याही वाचण्यात येतो. आठव्या वर्षापासून फरक पडायला लागला. नवव्यापासून कुठे एक, कुठे दीड, कुठे दोन.”

जाऊ तिच्याकडे बघत राहिली. “म्हणजे सात वर्षं ते बरोबर होते?”

“सात वर्षं बरोबर होते.”

“आणि त्यांना हे माहीत नव्हतं.”

“मलाही नव्हतं, काकू. पाचशेच्या वर वाचून झाल्या होत्या. पहिल्या शंभर जरी ताडून बघितल्या असत्या, तरी कळलं असतं. पाकीट माझ्याच खणात होतं. मी दर शनिवारी त्याच्याकडे बघायचे.” तिने मांडीवरच्या वह्या सरळ केल्या. “काकांनी सांगितलं म्हणून नाही उघडलं. मी परत त्यांचंच ऐकलं, मावशी. माझ्या मनात येत होतं ते नाही केलं.”

ती आता माझ्याकडे बघत होती. मी तिचा हात धरला. तो गार होता.

ह्यांनी दारातून विचारलं, “मग त्या सात वर्षांवरच्या चिठ्ठ्या काढतील ना आता?”

“मी विचारलं. ज्याने नोंद मागे घेतली त्याच्याच सहीचा अर्ज लागतो म्हणाले.”

मग जावेने पदर सावरला, ती पाट जवळ ओढून त्याच्यावर बसली आणि म्हणाली, “वाच.”

“काय वाचू, काकू?”

“आकडे. त्यांचा आणि तुझा. पहिल्यापासून.”

चष्मेवालीने वही उघडली. विहिरीचा क्रमांक, मग त्यांचा आकडा, मग तिचा. चार, चार. पाच, पाच. साडेपाच, साडेपाच. जावेला त्यातलं काही समजत नव्हतं, पण दोन आकडे सारखे आले की ती मान हलवायची. हे दारातून आत येऊन जमिनीवर बसले. अर्ध्या तासाने सातवं वर्ष संपलं. चष्मेवालीने पान उलटलं, पुढच्या ओळीकडे बघितलं आणि वही मिटायला लागली.

“थांबू नकोस,” जाऊ म्हणाली. “पुढचंही वाच.”